‘तीन’ म्हणजे काय?

गेल्या वर्षी शाळेच्या क्रीडामहोत्सवात आमच्या वर्गातील एक विद्यार्थी धावता धावता मैदानावर कोसळला. आमच्यापैकी दोघांनी कार्यालयाकडे धाव घेतली, १०८ या क्रमांकावर दूरध्वनी केला आणि ‘फार गंभीर आहे, लवकर या’ हे एकच वाक्य पुनःपुन्हा म्हटले. पलीकडच्या भगिनींनी शांतपणे विचारले, “तो शुद्धीवर आहे का? श्वास नीट चालू आहे का? हाक मारल्यास ओ देतो का?” यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर आम्हांस देता आले नाही, कारण त्याच्याकडे धड पाहण्यापूर्वीच आम्ही धावत सुटलो होतो. उन्हाने आलेली ती मूर्च्छा होती व मुलगा तासाभरात सावरलाही. तथापि ‘गंभीर’ या आमच्या शब्दात काहीच अर्थ नव्हता, ही टोचणी मनातून जाईना.

रुग्णाची अवस्था दुरून कळवावयाची ती कोणत्या शब्दांत? ज्यांना हे काम रोजच करावे लागते ते लोक काय करतात, हे आम्ही शोधू लागलो, तेव्हा अमेरिकेतील बिनतारी संकेतांची मौज हाती लागली. तेथील पोलिसांचे, ‘टेन’ या शब्दाने सुरू होणारे आकडी संकेत १९३७ च्या सुमारास इलिनॉय प्रांतात जन्मास आले. त्या वेळच्या यंत्रास पूर्ण शक्ती येण्यास क्षणभर लागे व बोलणाऱ्याचा पहिला उच्चार हवेतच विरे. म्हणून प्रत्येक आकड्याच्या आधी ‘टेन’ जोडले. विरायचेच असेल तर ते विरावे! पुढे यंत्रे सुधारली, पण ‘टेन’ काही गेले नाही. संकेतांमुळे बोलणे आटोपशीर होई, आणि एकाच लहरीवर अनेकांना बोलावयाचे असताना ती सोय लहान नव्हती. अग्निशामक दले व रुग्णवाहिका यांनीही मग आपापले संकेत रचले. ‘आपापले’ या शब्दातच सारी मेख आहे.

‘तीन’ हा एकच आकडा घ्या. कॅलिफोर्नियात ‘कोड तीन’ म्हणजे दिवे लावून, भोंगा वाजवीत, अत्यंत त्वरेने निघणे. न्यूयॉर्कच्या अग्निशामक दलात जखमींविषयी कळविताना ‘एक’ म्हणजे मृत, ‘दोन’ म्हणजे प्राण संकटात, आणि ‘तीन’ म्हणजे जिवावरचे नव्हे. आता डॉक्टरांकडे वळू. १९७४ मध्ये ग्लासगो येथील टीसडेल व जेनेट यांनी शुद्धीचे एक माप बसविले. डोळे उघडण्यास अधिकांत अधिक चार, बोलण्यास पाच, हालचालीस सहा. पूर्ण शुद्धीवरील मनुष्यास पंधरा गुण मिळतात आणि कमीत कमी तीन. शून्य तेथे नाहीच. म्हणजे या मापात ‘तीन’ ही अगदी तळाची पायरी! एका कानाला जो आकडा दिलाशाचा, तोच दुसऱ्याला काळजाचा ठोका चुकविणारा.

बेरीजही फसवी असते. एक रुग्ण आपण होऊन डोळे उघडतो, परंतु मुखातून आवाज नाही व वेदना होताच फक्त हात मागे घेतो. दुसरा चिमटा काढल्यावरच डोळे उघडतो, कण्हतो आणि दुखऱ्या जागी हात नेतो. दोघांचीही बेरीज नऊच. म्हणून तिन्ही आकडे वेगवेगळे सांगावेत असा जाणकारांचा आग्रह असतो, आणि तो आम्हांस रास्त वाटतो.

संकेतांच्या बाजूने एक गोष्ट अवश्य बोलली पाहिजे. आई उशाशी बसलेली असताना ‘आशा नाही’ असे यंत्रात मोठ्याने बोलणे कोणासही जड जाईल. तेथे आकडा दयाळू ठरतो. ही दया आम्ही हलकी लेखीत नाही. परंतु ऐकणाऱ्याने त्या आकड्याचा भलताच अर्थ घेतला, तर त्या आईवर खरी दया कोणी केली?

अमेरिकेने हा धडा महागात घेतला. २००१ चा न्यूयॉर्कवरील हल्ला व २००५ चे कतरिना वादळ या दोन्ही प्रसंगी निरनिराळ्या दलांना परस्परांशी बोलणे कठीण झाले. त्यानंतर २००६ पासून, अनेक दलांनी मिळून करावयाच्या कामात साधी भाषाच वापरावी, अशी अट तेथील केंद्र सरकारने अनुदानास घातली. इंग्लंडात रुग्णालयास आगाऊ वर्दी देताना क्रम ठरलेला असतो: वय, वेळ, अपघात कसा झाला, इजा, लक्षणे, केलेले उपचार. शब्द साधे, क्रम पक्का. आमच्या मते थोडक्यात बोलण्याचा हाच मार्ग संकेतांहून बरा आहे.

मात्र ‘साधी भाषा’ म्हणजे कोणती, असा प्रश्न आमच्या हैदराबादेत कोणीही विचारील! १०८ ची सेवा २००५ मध्ये याच शहरात सुरू झाली. येथे घरी मराठी, रस्त्यावर हिंदी किंवा उर्दू आणि कचेरीत तेलुगू असा आमचा नित्यक्रम आहे. घाबरलेल्या माणसाला यांतली एकही धड आठवत नाही. तेव्हा आम्ही मुख्याध्यापकांच्या अनुमतीने कार्यालयातील दूरध्वनीजवळ एक पुठ्ठा टांगला आहे. त्यावर शाळेचा पत्ता व खुणेची जागा, आणि त्याखाली तेच तीन प्रश्न मराठी, हिंदी व तेलुगूत लिहिले आहेत. तेलुगू अक्षरे आमच्या वर्गातील एका मुलीने काढली असून, दुसऱ्या प्रश्नात तिच्याकडून राहिलेली एक चूक शिपाईकाकांनी सुधारून दिली.