रोज अर्धा तास चाला... पण कुठे?

"डॉक्टर, चाला म्हणता, पण चालू कुठे?"

माझ्या नेहमीच्या पेशंट असलेल्या एका काकूंनी हा प्रश्न विचारला होता. वय ६८, मधुमेह बारा वर्षांचा, गुडघे कुरकुरणारे. मी सवयीने प्रिस्क्रिप्शनच्या तळाशी 'रोज ३० मिनिटे चालणे' असे लिहिले आणि हसत म्हणालो, "काकू, इच्छा असली की रस्ता सापडतो."

तीन आठवड्यांनी त्यांचा मुलगा एक्स-रे घेऊन आला. फुटपाथवर गाड्या लावलेल्या, म्हणून काकू रस्त्यावर उतरल्या. मागून स्कूटरचा धक्का लागला आणि खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन झाले. आता त्या वॉकर धरून घरातल्या घरात चालतात. माझे ते वाक्य मला अजूनही टोचते.

चालण्याचे फायदे मी इथे अनेकदा लिहिले आहेत. चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर थेट वापरतात, त्यासाठी इन्सुलिनवर फारसे अवलंबून राहावे लागत नाही. रक्तदाब उतरतो, झोप सुधारते, हाडे टिकतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास भरभर चालणे. बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतक्या वेगाने.

पण हे औषध मेडिकलच्या दुकानात मिळत नाही. ते रस्त्यावर मिळते, आणि आपल्या शहरांनी त्याचा पुरवठाच तोडला आहे. पेशंट चालत नाही म्हणून आम्ही त्याला आळशी ठरवतो. खरा दोष रस्त्याचा असतो.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचना पाहा. निवासी भागात फुटपाथची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी आणि उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. आता तुमच्या घराबाहेरचा फुटपाथ आठवा. दर बंगल्याच्या फाटकापाशी उतरायचे, पुन्हा चढायचे, मध्ये विजेची पेटी, पुढे फुटके झाकण. गुडघेदुखीच्या माणसाला हा जिनाच आहे. तो रस्त्यावरून चालणार नाही तर काय करणार?

आणि रस्त्यावर काय वाट पाहत असते? २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, त्यात ३२,८२५ पादचारी होते. वेगाचे गणितही समजून घ्या. गाडीचा वेग ताशी ३० वरून ५० किलोमीटर झाला, की तिच्या धडकेतली ऊर्जा साधारण पावणेतीन पट होते. हाडे मात्र तीच असतात.

यावर ठरलेले आक्षेप येतात. "लोक चालतच नाहीत, मग रुंद फुटपाथ कशाला?" दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि व्हीलचेअरवरचा पेशंट येत नाही म्हणून लिफ्ट नको म्हणायचे, त्यातला हा प्रकार. "मग गाड्या लावायच्या कुठे?" घरात कपाट मावत नाही म्हणून कुणी ते सोसायटीच्या जिन्यात ठेवले, तर दुसऱ्या दिवशी नोटीस येते. गाडी मात्र सार्वजनिक जागेत फुकट ठेवणे हा आपला हक्क वाटतो. "दुकानदारांचा धंदा बसेल." आमच्या पुण्यात जंगली महाराज रस्त्याचे फुटपाथ रुंद झाले, बसायला बाके आली. संध्याकाळी तिथली गर्दी पाहून या.

हेच पुणे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जायचे. आज मुलाला सायकलवर शाळेत पाठवायला आईबापांची छाती होत नाही. २०२१ पासून ११ डिसेंबरला इथे पादचारी दिन होतो, लक्ष्मी रस्त्याचा एक भाग गाड्यांना बंद असतो. छान वाटते. पण रक्तदाबाची गोळी वर्षातून एकदा घेऊन भागते का?

कागदावर कशाची कमी नाही. रस्ते गाड्यांसाठी नसून माणसांच्या ये-जा करण्यासाठी आहेत, हे राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने २००६ मध्येच मान्य केले. मोकळा फुटपाथ हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सांगितले.

आता माझी कबुली. दवाखान्यासमोरच्या फुटपाथवर दोन चाके चढवून माझीही गाडी उभी असायची. "पाचच मिनिटे" म्हणून. काकू पडल्या त्या दिवसापासून ते बंद केले. उशीर होतो, लांब लावावी लागते, थोडे चालावे लागते. बरेच आहे.

तुम्ही काय कराल?

१. फुटपाथवर गाडी लावू नका, एक मिनिटही नाही.
२. मत मागायला येणाऱ्याला उड्डाणपुलाआधी फुटपाथबद्दल विचारा.
३. शाळा आणि दवाखान्यांभोवती ताशी ३० ची मर्यादा मागा.
४. सिग्नलची वेळ तरुणाच्या नव्हे, काकूंच्या चालीने ठरवा म्हणून लेखी अर्ज द्या.
५. सायकलसाठी रंगाचा पट्टा नको, कठड्याने वेगळी केलेली वाट मागा.

प्रिस्क्रिप्शनवर 'रोज ३० मिनिटे चालणे' मी पुढेही लिहीन. पण आता त्याखाली एक प्रश्न मी स्वतः विचारतो: तुमच्या घराबाहेर फुटपाथ आहे का? बहुतेक पेशंट नुसते हसतात. ते हसणे बंद झाले पाहिजे.