बँक सांभाळणारीच्या नावावर काय?

उन्हाळ्यात वर्ध्याच्या दुपारी घराबाहेर पाऊल टाकायची सोय नसते. कूलर लावायचा आणि पोरांना घरात कोंडून ठेवायचं. मग कपाटावरून 'व्यापार'चा जुना खोका खाली येतो. परवा बहिणीची मुलं आली होती. पट मांडला, नोटा वाटल्या आणि मोठ्या भाच्यानं हुकूम सोडला, "मावशी, तू बँक सांभाळ."

मी नोटा मोजत बसले. भाडं घे, सुटे दे, भांडणं सोडव. तासाभरानं धाकटी भाची म्हणाली, "मावशी, तुझी एकही जागा नाही?" तिच्या भावानं उत्तर दिलं, "बँक खेळत नसते!"

सगळे हसले, मीही हसले. पण मैत्रिणींनो, रात्री ते वाक्य काही डोक्यातून जाईना. घराची बँक कोण सांभाळतं? किराणा, दूध, मुलांची फी, बी-बियाण्यासाठी बचत गटातून उचललेलं कर्ज, त्याचा हप्ता... सगळं आपल्याच हातून जातं. आणि सातबारा? 2015-16 च्या कृषी गणनेनुसार देशातल्या शेती खातेदारांत बायका होत्या जेमतेम 14 टक्के. संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे महिला शेतकऱ्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं. त्या निमित्तानं भाषणं होतील, सत्कार होतील. आपण त्याच 'व्यापार'च्या पटाकडे जरा वेगळ्या नजरेनं बघू या.

या खेळाचं मूळ एका बाईकडे जातं, हे किती जणींना ठाऊक असेल? अमेरिकेतली एलिझाबेथ मॅगी. पेशानं लघुलेखिका. 1904 साली तिला 'लँडलॉर्ड्स गेम', म्हणजे जमीनदाराचा खेळ, याचं पेटंट मिळालं. हेन्री जॉर्ज या विचारवंताचं म्हणणं तिला पटलं होतं. जमिनीची किंमत मालकाच्या घामानं वाढत नाही, भोवतीच्या समाजामुळे वाढते, म्हणून ती वाढ समाजाकडे परत यावी, असं तो सांगे. आपल्याला हे समजायला अवघड नाही. जवळून समृद्धी महामार्ग गेला आणि शेताचा भाव वाढला, तर त्यात मालकानं वेगळं काय केलेलं असतं?

मॅगीबाईंनी या खेळाला दोन तऱ्हेचे नियम दिले. एका नियमानं खेळलं की एक जण गब्बर होतो, बाकीचे कंगाल. दुसऱ्या नियमानं जागेचं भाडं सार्वजनिक तिजोरीत जातं आणि सगळ्यांचंच बरं चालतं. पट तोच, फासे तेच, माणसंही तीच. नियम बदलला की निकाल बदलतो, हे लोकांनी स्वतः खेळून बघावं, एवढीच तिची इच्छा.

पुढे काय झालं? 1935 साली एका कंपनीनं तिच्याकडून पेटंटचे हक्क अवघ्या 500 डॉलरला घेतले. त्याच कंपनीचा 'मोनॉपॉली' जगभर खपला, पण नाव झालं एका पुरुषाचं. समाज शिकवणारे नियम मागे पडले आणि दुसऱ्याला दिवाळखोर करण्याची मजा तेवढी उरली. आपला 'व्यापार' याच घराण्यातला. म्हणजे नुसता पट मांडून समाज बदलत नाही. खेळून झाल्यावर त्यावर बोलावंही लागतं.

गंमत बघा, हेन्री जॉर्जचे विचार टॉलस्टॉयला फार आवडत आणि टॉलस्टॉयचा प्रभाव गांधीजींवर होता. जमिनीच्या त्याच प्रश्नावर आपल्या पवनारचे विनोबा 1951 साली गावोगाव पायी हिंडले आणि पोचमपल्लीहून भूदान सुरू झालं. पुढे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मीमुक्ती' काढली आणि कितीतरी शेतकऱ्यांनी थोडी तरी जमीन बायकोच्या नावावर केली. जमिनीचे नियम बदलायची भाषा आपल्या मातीला नवी नाही.

खेळानं खरंच काही होतं का, अशी शंका येईल. आंध्र प्रदेशातल्या दुष्काळी भागात काही संस्थांनी गावकऱ्यांबरोबर भूजलाचा खेळ खेळून पाहिला. प्रत्येकानं पीक निवडायचं, कमी पाण्याचं किंवा जास्त पाण्याचं. जास्त पाण्याच्या पिकात पैसा अधिक. पण सगळेच त्याच्या मागे लागले की दर फेरीला विहीर खाली जाते. आधी एकमेकांशी न बोलता खेळायचं, मग बोलून. शेवटी गावानं बसून चर्चा करायची. नंतर पाहणी केली तेव्हा, जिथे हा खेळ झाला त्या गावांनी पाण्याची नोंदवही आणि वापराचे नियम इतरांपेक्षा जास्त प्रमाणात स्वीकारले होते. आणि स्पर्धेच्या ईर्ष्येनं काय होतं हे तर आपल्याच जिल्ह्यानं बघितलंय. आर्वी तालुक्यातल्या काकडदऱ्यानं 2017 साली पाणी फाउंडेशनचा वॉटर कप जिंकला, तो श्रमदानाच्या बळावर.

हे सगळं मनात घेऊन आम्ही भिशीत एक प्रयोग केला. एका पुठ्ठ्यावर दहा एकराचे दहा चौकोन आखले आणि चिठ्ठ्या टाकल्या. कुणी भाऊ झाली, कुणी लग्न झालेली बहीण, कुणी विधवा सून. वडील वारले, आता वाटणी. पहिली फेरी जनरीतीची. सगळे चौकोन भावांकडे. बहिणींना साडीचोळी. सुनेनं नवऱ्याचा वाटा मागितला तर "दीर आहेत ना बघायला!"

दुसरी फेरी कायद्याची. वडिलोपार्जित जमिनीत मुलीलाही मुलाइतकाच हक्क, हा बदल महाराष्ट्रानं 1994 साली, तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींसाठी केला. 2005 च्या दुरुस्तीनं तो देशभर लग्न झालेल्या मुलींनाही मिळाला. हा हक्क जन्मानं येतो, 2005 साली वडील हयात नसले तरी अडत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2020 साली सांगितलं. जुनी रीतसर वाटणी झालेली असेल तर गोष्ट वेगळी. हिंदूंप्रमाणेच बौद्ध, जैन आणि शिखांनाही हा कायदा लागू आहे. आणि विधवा ही तर नवऱ्याची पहिल्या वर्गातली वारस. चौकोन पुन्हा वाटले, तेव्हा बहिणींसमोरही जमीन आली, सुनेसमोरही.

खोली एकदम शांत झाली. एक काकू हळूच म्हणाल्या, "मी तं हक्कसोडवर सही करून बसली. भावानं म्हटलं, कर, म्हून केली. वाचलं काहून नाही मी तवा?" दुसरी म्हणाली, "वाचून का करतीस माय? हिस्सा मागितला की माहेर तुटते."

याचं उत्तर पुठ्ठ्यावर नव्हतं. कायद्याच्या पुस्तकातही नाही. पण एरवी घरात हा विषय काढला की आवाज चढतात, डोळे भरतात. इथे भाऊ झालेली बाईच सांगत होती, "चौकोन हातचा जातांना मलेही जिवावर आलं!" भावाची बाजूही कळली आणि आपलीही. दुखणं नशिबाचं नाही, नियमाचं आहे, हे एकदा दिसलं की बोलायला धीर येतो.

तुमच्या बचत गटात, हळदीकुंकवाला असा पट मांडून बघा. खर्च एका पुठ्ठ्याचा. खेळ संपला की उठू नका, अर्धा तास बोला. विधवा मैत्रिणीची वारसनोंद झाली का, विचारा. कुणासमोर हक्कसोडचा कागद आला असेल तर म्हणा, बाई, आधी वाच, कुणा जाणत्याला दाखव, मग सही करायची की नाही ते तू ठरव.

आणि हो, आमच्या घरच्या 'व्यापार'मध्ये धाकटीनं नवा नियम आणलाय. बँक सांभाळणाऱ्यालाही एक सोंगटी मिळणार. मोठा कुरकुरला, पण परवा मी पहिल्यांदाच एक जागा विकत घेतली.