डाव मांडण्याआधी नियम मांडा



सुट्ट्या लागल्या की वस्तीतल्या कोणत्याही घरासमोरून जा, ओट्यावर चार मुले पट मांडून बसलेली दिसतात. थोडा वेळ थांबलात तर एक वाक्य हमखास कानावर पडते, "असा नियमच नाही!" दुसरा लगेच म्हणतो, "आमच्या घरी असाच खेळतात." आवाज चढतात, सोंगट्या उधळल्या जातात, धाकटी बहीण रडत घरात येते. भाकऱ्या थापणारी आई दोघांनाही दोन धपाटे घालते आणि पट उचलून माळ्यावर टाकते. भांडण मिटते, पण प्रश्न तसाच राहतो. नियम कोणता खरा, पुस्तकातला की घरचा? आणि घरचा नियम बदलायचाच असेल, तर तो कोणी आणि केव्हा बदलायचा?

हा प्रश्न पोरखेळ म्हणून सोडून देण्यासारखा नाही. न्याय म्हणजे काय याचा पहिला धडा मूल शाळेत जाण्याआधी पटावरच शिकते. तिथे दांडगा भाऊ म्हणेल तोच नियम, असे त्याने पाहिले, तर पुढे मोठेपणीही ते तेच खरे मानून चालते.

दोन बुद्धिबळे

बुद्धिबळाचेच पाहा. आज शाळांच्या स्पर्धांत खेळतात ते आंतरराष्ट्रीय नियमांचे बुद्धिबळ. आपले आजोबा-पणजोबा जे खेळत, त्याचे नियम पुष्कळ वेगळे होते. देशी खेळात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जाई. आजच्या खेळात ते पहिल्यांदा दोन घरे जाऊ शकते. राजाला हत्तीच्या आड नेण्याची चाल, जिला मुले कॅसलिंग म्हणतात, ती देशी खेळात नव्हती. त्याऐवजी राजाला शह बसलेला नसेल तर सबंध डावात एकदा घोड्याची अडीच घरांची चाल करता येई. प्यादे पलीकडच्या टोकाला पोचले की आज बहुतेक जण त्याचा वजीर करतात. देशी पद्धतीत ते ज्या सोंगटीच्या घरात पोचे तिचा मान त्याला मिळे. घोड्याच्या घरात घोडा, हत्तीच्या घरात हत्ती. प्याद्याने दिलेली मात, म्हणजे प्यादेमात, ही तर मोठ्या मानाची. गावागणिक यातही थोडेफार फरक असत.

मग खरे बुद्धिबळ कोणते? दोन्ही खरी. युरोपातसुद्धा वजिराला आजची लांब पल्ल्याची चाल पंधराव्या शतकाच्या अखेरीस मिळाली. त्याआधी तो तिरका एकच घर सरके. आपल्याकडे 1814 साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरचे पुस्तक इंग्रजीत छापले गेले. खेळ युरोपीय पद्धतीला जुळवून घेतला आहे, असे त्याच्या नावातच सांगितलेले होते. म्हणजे नियम माणसांनीच केले आणि माणसांनीच बदलले. नियम बदलण्यात पाप नाही. प्रश्न आहे तो रीतीचा.

ही रीत का महत्त्वाची, ते मीर सुलतान खान या खेळाडूवरून कळते. पंजाबातला हा तरुण सर उमर हयात खान या बड्या जमीनदाराच्या पदरी होता. तो देशी नियमांत तयार झालेला. 1929 साली तो त्यांच्याबरोबर लंडनला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकून बसला. पुढे 1932 आणि 1933 सालीही त्याने ते जिंकले. हेस्टिंग्जच्या 1930-31 च्या स्पर्धेत त्याने माजी जगज्जेता कापाब्लांका याला हरवले. डावाच्या सुरुवातीला मात्र तो अडखळे, कारण प्याद्याची दोन घरांची चाल धरून रचलेले सुरुवातीचे डाव त्याला उशिरा शिकावे लागले. 1933 च्या अखेरीस तो मायदेशी परतला आणि मोठ्या स्पर्धा सुटल्या. 1966 साली तो वारला. जागतिक बुद्धिबळ संघटनेने त्याला मानद ग्रँडमास्टर केले ते 2024 साली!

नियम परके होते, तरी सुलतान खान जिंकू शकला. का? कारण ते आधी जाहीर होते आणि त्याला व समोरच्या साहेबाला सारखेच लागू होते. मधेच कोणी "आमच्याकडे असे नसते" म्हणू शकत नव्हते.

पात्रे घेऊन खेळायचा खेळ

आता काही घरांत कॉलेजातली मुले एक वेगळाच खेळ आणू लागली आहेत. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक होतो सूत्रधार, बाकीचे एकेक पात्र घेतात. कोणी लढवय्या, कोणी वैद्य, कोणी जादूगार. सूत्रधार गोष्ट सांगतो, खेळाडू आपले पात्र काय करते ते सांगतात, आणि जमले की फसले ते फासे ठरवतात. आई-वडिलांना वाटते, हे काय खूळ? पण याचे मूळ बुद्धिबळातच आहे. 1780 साली जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग येथे हेलविग नावाच्या गृहस्थाने बुद्धिबळाचा पट वाढवून 1617 घरांचा केला आणि घरांना डोंगर, पाणी, दलदल असे रंग दिले. 1824 साली प्रशियाच्या सैन्याने राइसवित्झ याचा युद्धखेळ शिक्षणासाठी घेतला, त्यात फासे आले आणि निवाडा करणारा पंच आला. त्याच वाटेने पुढे 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ काढला.

या खेळात लढाई जुंपली की पट मांडतात, आणि सगळी भांडणे तिथेच होतात. कारण प्रश्न चालीचा असतो. एक घर म्हणजे पाच फूट. साधा माणूस एका पाळीत तीस फूट, म्हणजे सहा घरे चालतो. चिखल, दगडगोटे असतील तर एका घराला दोन घरांचा खर्च. सोबत्याच्या घरातून पलीकडे जाता येते, पण त्याच्या घरात थांबता येत नाही. शत्रूच्या हाताच्या टप्प्यातून बाहेर पडलात तर त्याला एक वार फुकट मिळतो. तो टाळायचा तर त्या पाळीत हल्ला करणे सोडून सावधपणे मागे सरकावे लागते.

सगळ्यात जास्त वाद तिरक्या चालीचा. पाच फुटी चौकोनाचा कर्ण पाच फुटांचा नसतो, तो सात फुटांहून थोडा जास्त भरतो. आपल्यातले गवंडीकाम करणारे हे पुस्तकाशिवाय जाणतात. मग तिरके एक घर गेले तर किती फूट मोजायचे? 2003 सालच्या नियमपुस्तकात तोडगा असा होता की पहिले तिरके घर पाच फूट, दुसरे दहा, तिसरे पुन्हा पाच. दोन घरांचे खरे अंतर सुमारे चौदा फूट, मोजले पंधरा. म्हणजे जवळजवळ बरोबर. पण दर पाळीला आकडेमोड आली. 2008 साली नव्या आवृत्तीने सांगितले, तिरके असो की सरळ, घर म्हणजे घर, पाचच फूट मोजा. 2014 साली सोपी मोजणी मुख्य नियम म्हणून राहिली आणि जुनी मोजणी ज्याला हवी त्याच्यासाठी ठेवली. खेळ काढणाऱ्यांनीच घरोघरच्या पंचांना मोकळीक दिली की तुमच्या टेबलावर काय ते तुम्ही ठरवा.

यातली कोणतीही मोजणी घेतली तरी खेळ होतो. खेळ मोडतो तो एकाच गोष्टीने. स्वतःला पळायचे असते तेव्हा तिरके घर पाच फूट, आणि समोरचा पळू लागला की दहा!

घरचा नियम कसा करावा

घरात खेळ कोणताही असो, चल्लस असो, वाघ-बकरी असो की हा नवा खेळ, काही गोष्टी पाळल्या तर पट माळ्यावर टाकायची वेळ येत नाही.

पहिली गोष्ट, नियम पहिली चाल होण्याआधी ठरवा. चालू डावात केलेला नियम पुढच्या डावापासून लागू.

दुसरी, नियम सर्वांना सारखा. पात्रांच्या खेळात सूत्रधाराच्या राक्षसालाही चिखलात दुप्पटच खर्च.

तिसरी, वहीच्या मागच्या पानावर तो लिहून ठेवा. तोंडी नियम ज्याचा आवाज मोठा त्याचा होतो. लिहिलेला नियम पाचवीतली मुलगीही बोट ठेवून दाखवू शकते.

चौथी, मधेच शंका निघाली तर पंचाने तेवढ्यापुरता निर्णय द्यावा आणि सर्वांनी तो मानावा. वाद डाव संपल्यावर घालावा, आणि ठरेल ते वहीत लिहावे.

पाचवी, लहानग्याला सवलत जरूर द्या, पण उघड द्या. आपल्याकडे लिंबूटिंबू ही किती चांगली पद्धत आहे! धाकट्याची सोंगटी मारायची नाही, हे सर्वांना आधीच माहीत असते. कोणी फसत नाही आणि लहान मूल खेळात राहते. ते मोठे झाले की सवलत संपली, हेही त्याला सांगावे.

आणखी एक गोष्ट आयांनी व वडिलांनी लक्षात घ्यावी. डाव रंगात येतो आणि हाक मुलीलाच जाते, "पाणी आण, भात बघ." ती परत येईतो तिची पाळी गेलेली असते. भाऊ मात्र जागचा हलत नाही. चार वेळा असे झाले की ती म्हणते, मला नाही खेळायचे, आणि घरचे म्हणतात, मुलींना यातले कळत नाही. 1976 साली मुंबईची 13 वर्षांची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेत उतरली तेव्हाही वाद झाला होता. जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्णय दिला की राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून स्त्रियांना वगळता येणार नाही. 2025 साली नागपूरच्या दिव्या देशमुखने 19 व्या वर्षी जॉर्जियातल्या बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला. तेव्हा वहीत हाही नियम लिहा की उठून गेलेल्याची पाळी राखून ठेवायची, आणि पाणी आणायचीही पाळी लावायची.

पैसा, वेळ आणि सावधानता

पटाचे वेड जुने आहे. दीघनिकायाच्या पहिल्याच सुत्तात, ब्रह्मजाल सुत्तात, भिक्खूने ज्यांपासून दूर राहावे अशा खेळांची यादी आहे. त्यात आठ घरांचा अट्ठपद आहे, दहा घरांचा दसपद आहे, आणि 'आकास' म्हणजे पट न मांडता मनातल्या मनात घरे कल्पून खेळायचा खेळही आहे. आजची पोरे कल्पनेत किल्ला उभा करून लढतात ते अगदीच नवे नाही! ती यादी बेसावधपणाच्या कारणांत दिली आहे, हेही ध्यानात ठेवावे. गृहस्थाला सिगालोवाद सुत्तात जुगाराचे सहा तोटे सांगितले आहेत. म्हणून खेळात पैसा नको, एक रुपयाही नको. आणि उठायची वेळ बसण्याआधी ठरवावी, परीक्षेच्या दिवसांत तर नक्कीच.

खर्चाची भीती बाळगू नका. या खेळाची इंग्रजी पुस्तके महाग आहेत, पण मूळ नियमांचा मोठा भाग 2023 पासून सर्वांना मोफत खुला आहे. पटासाठी घरची चौकोनी फरशी आणि खडूचा तुकडा पुरे. पात्रे म्हणून बटणे, शत्रू म्हणून चिंचोके. वीस बाजूंचा फासा नसेल तर 1 ते 20 आकड्यांच्या चिठ्ठ्या डब्यात घालाव्या, एक काढावी, पाहावी आणि परत टाकावी. मोठ्या बहिणीला सूत्रधार करावे. सांगता-सांगता तिची भाषा सुधारते, मोजता-मोजता धाकट्यांचे गणित.

शेवटी एक विनंती. आपल्या भागात चल्लस, वाघ-बकरी किंवा देशी बुद्धिबळ कोणत्या नियमांनी खेळत, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून मुलांच्या वहीत लिहून घ्या. कोणत्या घरात सोंगटी मरत नाही, प्यादे कसे चाले, राजाला घोड्याची चाल केव्हा मिळे, हे सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत. आजोबा सांगतील, नातवंडे लिहितील, आणि त्या संध्याकाळी त्याच नियमांनी एक डाव होऊन जाईल.