आधी गोधडी, मग रंग

हल्ली घर सजवण्याविषयी काहीही वाचायला घेतलं की दुसऱ्या ओळीत 'बोहो' हा शब्द भेटतोच. बोहो पडदे, बोहो उशा, बोहो दिवे.. इतकंच काय, एका दुकानात मी 'बोहो पायपुसणं'सुद्धा पाहिलं. साधं काथ्याचं होतं हो. किंमत तेवढी बोहो होती.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना इथूनच परत फिरता येईल. बोहेमियन खोली सेट म्हणून विकत आणता येत नाही. आणि अशा खोलीत भिंतीचा रंग सगळ्यात शेवटी ठरवायचा असतो.

हे प्रवचन सुचायला कारण आमची लेक. तीन वर्षं बंगलोरला काढून ती पुण्यात परत येतेय आणि तिला आजीची खोली हवीय. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्या त्याला आता दीड वर्ष होईल. तेव्हापासून त्या खोलीत इस्त्रीचे कपडे, रद्दी आणि रिकाम्या बॅगा राहतात. लेकीनं फोनवर फर्मान काढलं, "आई, मला ती खोली बोहो करायचीये!" आणि पाठोपाठ चाळीसेक फोटो पाठवले. प्रत्येक फोटोत विटकरी भिंत, पांढरी गादी, वेताची खुर्ची, दोऱ्यांचं काहीतरी लोंबणारं आणि कोपऱ्यात मोठ्या पानांची कुंडी. चाळीस घरं, चाळीस माणसं आणि खोली मात्र एकच!

बरं, हा शब्द आला कुठून? बोहेमिया हा आजच्या झेक प्रजासत्ताकातला एक प्रांत. युरोपभर भटकणारे रोमा लोक तिकडचेच असावेत अशा समजुतीनं फ्रेंचांनी त्यांना 'बोहेमियां' म्हणायला सुरुवात केली. समजूत साफ चुकीची. रोमा लोकांचं मूळ आपल्याकडचं, भारताच्या वायव्य भागातलं. त्यांच्या भाषेत अजूनही पाण्याला 'पानी' म्हणतात, कानाला 'कान' आणि नाकाला 'नाख'. पुढे १९व्या शतकात पॅरिसमधल्या कफल्लक कवी-चित्रकारांना हेच नाव चिकटलं. आंरी म्युर्झेनं त्यांच्यावर लिहिलेलं पुस्तक १८५१ साली आलं आणि त्यावरून पुच्चिनीनं रचलेला 'ला बोएम' हा ऑपेरा १८९६ मध्ये रंगमंचावर आला. त्यातली खोली आठवून बघा. कडाक्याची थंडी, शेगडीत घालायला लाकूड नाही, म्हणून कवी स्वतःच्याच नाटकाचं हस्तलिखित जाळतो. शेवटी त्याच खोलीत मिमी क्षयानं जाते. तिथे कुणी शेडकार्ड उघडून बसलं नव्हतं.

म्हणजे ज्यांना कुठल्या गावानं धड घर करू दिलं नाही आणि ज्यांना खोलीचं भाडं परवडत नव्हतं, अशांच्या नावानं आपण बेडरूम सजवतोय. सजवू नये असं मी म्हणत नाही. पण त्यातून घ्यायचंच असेल तर एवढं घ्यावं, की जे हाताशी आहे त्यातून आपल्या मनासारखं करायचं आणि पाहुण्यांना काय वाटेल याची फिकीर करायची नाही.

याचं एक खरंखुरं उदाहरण आहे. इंग्लंडात ससेक्समध्ये चार्ल्स्टन नावाचं शेतावरचं एक घर आहे. १९१६ साली, ऐन महायुद्धात, व्हेनेसा बेल (व्हर्जिनिया वुल्फची बहीण) आणि डंकन ग्रँट तिथे राहायला गेले. दोघं चित्रकार आणि घर भाड्याचं. त्यांनी दारं रंगवली, शेकोट्या रंगवल्या, कपाटं, टेबलं, पलंगसुद्धा सोडले नाहीत. व्हेनेसा १९६१ मध्ये त्याच घरात वारली, म्हणजे तब्बल पंचेचाळीस वर्षं ते घर रंगत होतं. आज ते लोकांना बघायला खुलं आहे. मी फक्त फोटो पाहिलेत. कुठलीच वस्तू दुसरीला 'मॅचिंग' नाही, तरी घर विस्कटलेलं वाटत नाही, कारण सगळ्यावरून तेच हात फिरलेत.

आता आपल्याकडे येऊ. लेकीच्या यादीतलं ते दोऱ्यांचं लोंबणारं म्हणजे मॅक्रमे, त्यात कुंडी ठेवायची. याला आपण शिंकाळं म्हणतो, आणि मांजरापासून दूध-लोणी वाचवायला ते टांगायचो. जमिनीवर अंथरायला सतरंजी आहे, घोंगडी आहे. आरसेकाम हवं तर आपल्याच राज्यातल्या बंजारा बायका पिढ्यान् पिढ्या ते करत आल्यात. यादीत ड्रीमकॅचरही होता. तो उत्तर अमेरिकेतल्या ओजिब्वे लोकांचा, बाळाच्या पाळण्यावर टांगायचा. त्यांच्यासाठी त्यात अर्थ आहे. आमच्याकडे लेकीच्या पाळण्यावर तिच्या आजीनं शिवलेल्या कापडी चिमण्या होत्या. त्या अजून आहेत, एकीची चोच गेलीय तेवढी.

आणि गोधडी आहे. माळ्यावरच्या ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांच्या वासात झोपलेली. आईंनी त्यांच्या सासूबाईंच्या जुन्या नऊवारी लुगड्यांची शिवलेली. एक विटका अंजिरी, एक शेवाळी, एक आमसुली, मध्येच चिंतामणी निळ्याचा तुकडा. आपल्या बायकांनी रंगांना काय नावं ठेवलीत बघा! डाळिंबी, अबोली, मोरपिशी.. नाव घेतलं की वस्तूच डोळ्यांसमोर येते. शेडकार्डावरची ती 'वाळवंटी कुजबुज' छाप नावं मला आजतागायत कळलेली नाहीत.

या गोधडीवरून घरात तीन पक्ष पडलेत. नणंदबाईंचं म्हणणं, गेलेल्या माणसाचं अंथरूण-पांघरूण घरात ठेवू नये. लेकीचं म्हणणं, ती भिंतीवर टांगायची, फोटोंत टांगतात तशी. आणि माझं म्हणणं, ती पलंगावर हवी, पांघरायला. आईंची शेवटच्या आजारपणातली गादी, चादर, उशा आम्ही रीतीप्रमाणे देऊन टाकल्या. गोधडी तेव्हा त्यांच्या अंगावर नव्हती. आणि भिंतीवर टांगली की ती शोभेची वस्तू झाली, आल्यागेल्याला दाखवायची. लेक म्हणते, "वापरली तर झिजेल ना आई!" झिजू दे की. झिजली की वरून माझी एखादी साडी घालून पुन्हा धावदोरा मारायचा. गोधडी अशीच पिढीगणिक जाड होत जाते. अजून एकमत झालेलं नाही.

रंगावर मात्र झालं, आणि ते गोधडीमुळेच. ती पलंगावर पसरली आणि तिच्यात आधीच असलेला रंग निवडला. पलंगाच्या डोक्याकडच्या एका भिंतीला विटका अंजिरी, बाकी तीन भिंती आणि छत चुन्याच्या पांढऱ्याजवळ जाणारे. चारही भिंती विटकरी नकोत असं मी ठामपणे सांगितलं. कारण सांगते. खोली १० बाय १२ फुटांची, खिडकी पश्चिमेला. गडद रंगाच्या भिंती एकमेकींवर रंग फेकतात, त्यामुळे शेडकार्डावर दिसतो त्यापेक्षा तो चार भिंतींवर फार जास्त भरतो. त्यात पुण्यातलं एप्रिलमधलं संध्याकाळचं तांबूस ऊन! खोलीची भट्टी वाटली असती.

शिवाय रंग दिव्यावरही असतो. आपल्या घरांतले पांढरेफेक दिवे बहुधा ६५०० केल्विनचे, त्यांच्याखाली अंजिरी रंग मेल्यासारखा दिसतो. २७०० केल्विनचा पिवळसर दिवा लावला की तोच रंग उबदार होतो. म्हणून रंगारीदादांकडून भिंतीवर दोन बाय दोन फुटांचा तुकडा दोन हात देऊन रंगवून घेतला. सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि रात्री दिवा लावून, असा दोन दिवस बघितला. तुम्हीही असंच करा. दुकानात उभं राहून रंग ठरवू नका.

त्याच भिंतीवर एक तेलकट डाग आहे. आई तिथे डोकं टेकून शब्दकोडी सोडवत बसायच्या, त्यांच्या खोबरेल तेलाचा तो डाग. रंगारीदादा म्हणाले, "ताई, हा साबणानं घासून ऑइल प्रायमर मारावा लागेल, नाहीतर नव्या रंगातून वर येईल." नवरा काहीच बोलला नाही, नुसता बघत राहिला. मग म्हणाला, "मारा." मलाही तेच बरोबर वाटतं. आई असत्या तर त्यांनीच ओरडून घासायला लावलं असतं. त्या खोलीत आता एका तरण्या मुलीनं राहायचंय. तिनं आजीच्या आठवणीत राहावं असं मला वाटत नाही, तिनं आजीची गोधडी पांघरून मस्त झोपावं एवढंच वाटतं.

असो. पावसाळ्याची ओल सुकली की दसऱ्यानंतर रंगकाम काढायचंय. ताई, तुम्ही हे वाचताय ते मला माहीत आहे. गोधडी दोनदा धुऊन कडक उन्हात वाळवलीय. दिवाळीला याल तेव्हा एक रात्र पांघरून बघा आणि मग काय ते सांगा.