रुंद चाकाचा मोह आणि त्याचा हिशेब



मोसंबीची पट्टी हातात पडली, कपाशीचे पैसे खात्यात जमा झाले, की पूर्वी घरात बैलजोडी बदलण्याची नाही तर गाडीच्या चाकाला नवी धाव चढवण्याची बोलणी निघत. आता अंबड असो की भोकरदन, दारात जुनी का होईना मोटार उभी असते आणि घरातला तरुण म्हणतो, "आबा, गाडीला रुंद चाकं टाकू. दिसायला झोकदार, अन् चिखलात रुतायची नाही."

हा मोह मलाही झाला होता. माझ्या मोटारीचे मूळ टायर १८५/६५ आर १५. एका दुकानात मी बाहेर निघालेल्या रुंद रिंगा आणि २०५/६५ आर १५ टायर बसवून घेतले. रिकामी गाडी झकास चालली. पुढे चतुर्थीला घरची मंडळी घेऊन राजूरच्या गणपतीला निघालो. खड्ड्यात गाडी दबली की मागून खरखर ऐकू येई. मी दुर्लक्ष केले. परतताना उतरून पाहिले, तर मागच्या टायरची बाजू मडगार्डच्या कडेने सोलून आतले धागे दिसत होते. मागच्या सीटवर नात झोपलेली होती. बियाण्याची पिशवी उलटून सगळा मजकूर वाचा, असे गावोगाव सांगत फिरणारा मी. पण टायरवरचे आकडे वाचले नव्हते. म्हणून आज तेच वाचायला शिकू.

१८५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची, रुंदीच्या शेकडा ६५. 'आर' हा टायरच्या बांधणीचा, म्हणजे रेडियल प्रकार. १५ म्हणजे रिंगेचा व्यास, इंचात. आता हिशेब करा. १८५ चे ६५ टक्के म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर. वरची आणि खालची बाजू मिळून २४०.५. रिंग १५ इंच, म्हणजे ३८१. एकूण चाक ६२१.५ मिलिमीटर. माझ्या नव्या टायरचा हिशेब असाच केला तर ६४७.५ येतो. म्हणजे चाक शेकडा चारहून अधिक मोठे झाले. काटा ८० दाखवी तेव्हा गाडी खरी ८३ ने धावत होती, आणि मडगार्डखालची जागा कमी झाली ती वेगळीच.

रुंदी वाढवायचीच असेल तर बाजूची उंची त्या मानाने कमी घ्यावी. २०५/६० आर १५ घेतला तर चाक ६२७ मिलिमीटरचे होते. फरक शेकडा एकाच्या आत. मूळ व्यासाच्या जितके जवळ राहाल तितके बरे.

आता चिखलाची गोष्ट. ट्रॅक्टरचे रुंद चाक रुतत नाही, म्हणून मोटारीचेही रुतणार नाही, असे आपल्याला वाटते. पण ट्रॅक्टरच्या टायरमध्ये शेतात हवा कमी ठेवतात, मोटारीच्या टायरमध्ये तीस-बत्तीस पौंड असते. चाकावर साडेतीनशे किलो वजन आणि बत्तीस पौंड हवा असेल, तर जमिनीवर टेकणारा भाग सुमारे दीडशे चौरस सेंटिमीटर, म्हणजे हाताच्या पंजाएवढा. टायर रुंद केला तरी हवा तेवढीच असेल तर हा पंजा जवळपास तेवढाच राहतो. फक्त तो आडवा होतो. आपली काळी माती तर गुळगुळीत नक्षीच्या टायरला लिंपून बसते आणि रुंद चाकात ती मडगार्डपर्यंत दाटते. डांबरी रस्त्यावर पाणी साचले असेल तर रुंद टायर अरुंदापेक्षा लवकर पाण्यावर तरंगू लागतो. कोरड्या रस्त्यावर वळणावर पकड वाढते, हे मात्र खरे.

रिंग घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. एक, टायरला मानवेल एवढीच रिंगेची रुंदी. १८५ च्या टायरला साधारण ५ ते साडेसहा इंच चालते. दोन, बोल्टांची संख्या, त्यांच्या वर्तुळाचे माप आणि मधले छिद्र आपल्या गाडीशी तंतोतंत जुळले पाहिजे. ओढूनताणून बसवू नये. तीन, चाक मूळ जागेपेक्षा किती बाहेर येते. दुकानदार याला ऑफसेट म्हणतात. बैलगाडीचे चाक आसाच्या टोकाकडे सरकले की आसावर ताण येतो, हे तुम्ही जाणताच. मोटारीच्या बेअरिंगचेही तसेच होते.

मापानंतरचा आकडा भाराचा. ८८ असेल तर एक टायर ५६० किलो पेलतो, ९१ असेल तर ६१५ किलो. मूळ टायरपेक्षा कमी आकडा कधीही घेऊ नये. लग्नसराईत आपण गाडीत किती माणसे बसवतो ते आठवावे. चार आकडी तारीखही पाहावी. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. जुना माल नवा म्हणून गळ्यात पडू देऊ नका.

आता आपल्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. तेथे मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. कमी हवेचा टायर अशा वेगात तापून फुटतो. निघण्यापूर्वी, टायर थंड असताना हवा तपासावी. दाब दरवाजाजवळच्या पट्टीवर लिहिलेला असतो. नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरली तर टायर बदलावाच.

शेवटी कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या तपशिलापासून वेगळा फेरफार करता येत नाही. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत दिलेलाच आकार निवडावा. काही वेळा त्याच मॉडेलच्या महाग प्रकाराला रुंद टायर असतो, तोही पुस्तिकेत सापडतो. शंका असेल तर आरटीओ कचेरीत विचारावे आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. अपघातानंतर वाद नको.

मी मूळ रिंगा परत बसवल्या. त्या पैशात ठिबकच्या नळ्या आल्या असत्या. अंथरूण पाहून पाय पसरावे, तसे मडगार्ड पाहून चाक घ्यावे. मुलगा हट्ट करील तेव्हा त्याला रागावू नका. कागद-पेन्सिल द्या आणि वरचा हिशेब त्याच्याकडूनच करून घ्या.