वय अठरा, पत्ता नाही

हैदराबादमध्ये जानेवारी आणि जुलै हे बालसुटकेचे महिने मानले जातात. जानेवारीत ‘ऑपरेशन स्माइल’ आणि जुलैमध्ये ‘ऑपरेशन मुस्कान’ या मोहिमा तेलंगणा पोलीस राबवतात. रेल्वे स्थानके, वीटभट्ट्या, हॉटेले, लहान कारखाने पालथे घातले जातात आणि सुटका झालेल्या मुलांचा आकडा जाहीर होतो. या कामाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. जानेवारी २०१५ मध्ये जुन्या शहरातील बांगड्यांच्या कारखान्यांतून २०० हून अधिक मुले बाहेर काढली गेली. त्यांतील बहुतेक बिहारमधील होती. मात्र आकडा मोजला जातो तो सुटकेच्या दिवसाचा. घरी परतणे शक्य नसलेला एखादा मुलगा बालगृहात वाढतो, एके दिवशी १८ वर्षांचा होतो आणि फाटकाबाहेर पडतो. त्या रात्री तो कोठे झोपतो, हे कोणत्याही मोहिमेच्या कक्षेत येत नाही.

कायद्याने याचा विचारच केलेला नाही, असे नव्हे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४६ मध्ये संस्था सोडणाऱ्या तरुणाला आर्थिक साहाय्य देण्याची तरतूद आहे. २०१६ च्या आदर्श नियमांनी हा अनुरक्षणाचा काळ २१ वर्षांपर्यंत आणि अपवादात्मक परिस्थितीत २३ वर्षांपर्यंत धरला आहे. ‘मिशन वात्सल्य’ योजनेत त्यासाठी दरमहा ४,००० रुपये आहेत. संगणकाचे अभ्यासक्रम शिकण्यासाठी हजारो तरुण ज्या अमीरपेटमध्ये येतात, तेथे वसतिगृहातील एक खाट आणि दोन वेळचे जेवण यांतच ही रक्कम संपण्याची शक्यता अधिक. शिवाय खोली भाड्याने घ्यायची तर अनामत रक्कम लागते, ओळखीचा कोणी लागतो आणि कायमचा पत्ता विचारला जातो. नेमकी तीच गोष्ट या तरुणाकडे नसते.

उरतो तो महापालिकेचा रात्रनिवारा. केंद्राच्या निकषानुसार शहरात प्रत्येक १ लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची सोय हवी. २०११ च्या जनगणनेत बृहन्‌हैदराबादची लोकसंख्या ६७ लाखांवर होती. म्हणजे तेव्हाच किमान ६,७०० जागा हव्या होत्या. प्रत्यक्षातील सोय त्यापासून फार दूर राहिली. महिला, वृद्ध, रुग्ण यांच्यासाठी वेगळ्या निवाऱ्यांची कल्पना तरी धोरणात आहे. नुकत्याच सज्ञान झालेल्या मुलाला मात्र मजूर, व्यसनी, आजारी अशा सर्वांबरोबर एकाच दालनात पाठ टेकावी लागते. रस्त्यावर राहिला, तर कायदा आणखी कठोर. नोव्हेंबर २०१७ मध्ये जागतिक उद्योजकता परिषदेच्या तोंडावर शहरात भीक मागण्यास बंदी झाली आणि उचललेल्या पुरुषांची रवानगी चंचलगुडा कारागृहाच्या आवारातील निवाऱ्यात करण्यात आली. निवारा आणि तुरुंग यांतील भिंत किती पातळ असू शकते, ते तेव्हा दिसले. सतराव्या वर्षी ज्याची ‘सुटका’ व्हायची, एकोणिसाव्या वर्षी त्यालाच ‘उचलले’ जाते.

याच शहरात वेगळी वाटही दिसते. ‘अमन वेदिका’ आणि ‘रेनबो होम्स’ यांनी सरकारी शाळांतील वापरात नसलेल्या जागांत रस्त्यावरील मुलामुलींसाठी घरे उभारली. शाळा जवळ आणि शहर ओळखीचे असल्याने मूल परक्या ठिकाणी फेकले जात नाही. वाढत्या मुलांच्या पुढील शिक्षणाचा आणि रोजगाराचा प्रश्न या संस्थांपुढे साहजिकच आला आणि त्यासाठी वेगळे काम करावे लागले. ते सरकारने आपले मानलेले नाही, ही खरी त्रुटी. इंग्लंडमध्ये संस्थेतून बाहेर पडलेल्या तरुणाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत स्थानिक प्रशासनाचा सल्लागार मिळू शकतो. आपल्याकडे अशी एक व्यक्ती नेमणे हे इमारत बांधण्यापेक्षा खचितच स्वस्त आहे.

गोमंतकीय वाचकाला हैदराबाद दूरचे वाटण्याचे कारण नाही. महाराष्ट्राने २०१८ मध्ये अनाथांना शिक्षण आणि नोकरीत १ टक्का आरक्षण दिले. त्यामागे ज्यांचा लढा होता, त्या अमृता करवंदे गोव्यातील अनाथाश्रमात वाढल्या आणि १८ व्या वर्षी तेथून बाहेर पडून पुण्यात पोहोचल्या. आरक्षणाचा लाभ घ्यायचा तर आधी पदवीपर्यंत टिकून राहावे लागते आणि ती मधली तीन-चार वर्षे डोक्यावर छप्पर लागते. गोव्याचा २००३ चा बाल कायदाही मुलाची व्याख्या १८ वर्षांवरच थांबवतो. राज्यातील संस्थांतून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या मुलांची संख्या हैदराबादच्या तुलनेत अल्प असणार. त्यांतील प्रत्येकाचा पत्ता पाच वर्षे नोंदवत राहणे येथे एका कार्यालयाच्या आवाक्यातील काम आहे.