‘संस्कृती बुडाली’ ही बातमी मीही लावली होती

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर उद्या वाचा.

गेल्या आठवड्यात आपल्या गावात कॉलेजच्या पोरांच्या पथनाट्यावरून काय काय झालं ते तुम्ही पाहिलंच. निवेदनं, निवेदन देतानाचे फोटो, ‘तीव्र निषेध’, शेवटी माफीनामा. मी त्याची बातमी केली नाही म्हणून दोघा-तिघांनी फोन केला, "भाऊ, तुम्ही गप्प कसे?" गप्प नाहीये. त्या दिवसापासून डोक्यात लंडनचा एक बँड फिरतोय.

थ्रॉबिंग ग्रिसल. नावाचा अर्थ इथे सांगत नाही, आमच्या मावशीही ही पोस्ट वाचतात. चारच माणसं : जेनेसिस पी-ऑरिज, कोझी फॅनी टुट्टी, पीटर क्रिस्टोफरसन आणि ख्रिस कार्टर. यातल्या पहिल्या दोघांचा हल या बंदराच्या शहरातून आलेला एक कलागट आधीपासून होता. लंडनच्या हॅकनी भागात एका कारखान्याच्या तळघरात यांचा स्टुडिओ. त्याला ते ‘डेथ फॅक्टरी’ म्हणायचे. संगीत म्हणावं तर सूर नाही, ताल मोडका, यंत्रांची घरघर आणि मधेच माणसाचा आवाज. ख्रिस सर्किट जोडणारा माणूस. इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकात आलेल्या नकाशावरून त्याने आवाज चिरफाळून टाकणारं यंत्र घरीच बनवलं. पीटरने कॅसेट प्लेअर जोडून असा कीबोर्ड तयार केला की पट्टी दाबली की कॅसेटमधला आवाज वाजणार. सॅम्पलर नावाचं महागडं यंत्र सगळीकडे पोचलं ते नंतर. आपल्याकडच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याला हे दोघं लगेच आवडले असते.

ऑक्टोबर १९७६ मध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कंटेम्पररी आर्ट्समध्ये त्यांनी एक प्रदर्शन भरवलं. कोझीने पोटासाठी आणि कलेसाठीही अश्लील मासिकांत मॉडेलिंग केलं होतं. ती पानं तिथे ठेवली होती. आणखीही बऱ्याच किळसवाण्या वस्तू होत्या. उद्घाटनाच्या रात्री हा बँड वाजला. निकोलस फेअरबेर्न नावाचे हुजूर पक्षाचे खासदार ते बघून आले आणि म्हणाले, ही माणसं संस्कृतीचा विध्वंस करणारी आहेत. झालं. पेपरवाले तुटून पडले. संस्था सरकारी अनुदानावर चालणारी, आणि त्याच महिन्यांत ब्रिटन नाणेनिधीकडे ३.९ अब्ज डॉलरचं कर्ज मागत होतं. करदात्याच्या पैशांचा मुद्दा काही अगदीच पोकळ नव्हता, हे मी मान्य करतो.

पण खरी गंमत पुढे आहे. रोज सकाळी जी शिव्यांची बातमी छापून यायची, तिचं कात्रण हे लोक प्रदर्शनातच भिंतीवर लावायचे. म्हणजे वार्ताहर आदल्या दिवशी जे खरडायचा ते दुसऱ्या दिवशी प्रदर्शनाचा भाग. पत्रकार म्हणून हे वाचलं तेव्हा हसू आलं आणि मग जरा लाजही वाटली.

बँड तेव्हा मोजकीच वर्षं टिकला. स्वतःची इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स ही कंपनी काढली, आणि ‘इंडस्ट्रियल’ हे त्या संगीतप्रकाराचं नावच पडलं. पहिल्या अल्बमच्या, १९७७ साली, फक्त ७८५ प्रती काढल्या. आपल्याकडे दिवाळी अंकही याहून जास्त छापतात. मे १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला शेवटचा कार्यक्रम केला आणि मोहीम संपली असं कार्डावर छापून लोकांना कळवून मोकळे झाले. ना निरोप समारंभ, ना सत्कार.

मला ते थोर वाटतात असं समजू नका. त्यांच्या कंपनीचं बोधचिन्ह म्हणजे ऑशवित्झच्या छळछावणीचा फोटो. हे मला आजही पटत नाही. लाखो माणसांचं मरण म्हणजे लोकांना दचकवायचं साधन नव्हे. आणि कोझीने २०१७ साली आत्मचरित्रात जेनेसिसकडून झालेल्या छळाबद्दल लिहिलं. जेनेसिसने ते नाकारलं. पण माझ्या लक्षात राहिलं ते हे की बँडची गोष्ट इतकी वर्षं एकाच तोंडून सांगितली जात होती आणि तिला स्वतःची बाजू पुस्तकभर मांडायला चाळीसेक वर्षं लागली. १९७६ मध्ये संस्कृतीच्या नावाने ओरडणाऱ्यांपैकी कुणाला ती बाई कशी राहते हे विचारावंसं वाटलं नव्हतं.

अजून एक. फेब्रुवारी १९९२ मध्ये चॅनल फोरच्या एका कार्यक्रमात सैतानपूजेचा ‘पुरावा’ म्हणून चित्रफीत दाखवली. पोलिसांनी जेनेसिसच्या घरावर छापा घातला. कुटुंब तेव्हा नेपाळमध्ये होतं. ती चित्रफीत ऐंशीच्या दशकातली कलाकृती निघाली, आणि तिला थोडे पैसे खुद्द चॅनल फोरनेच दिले होते! गुन्हा दाखल झालाच नाही. पण कुटुंब ब्रिटनला परतलं नाही, अमेरिकेत गेलं.

आता माझं सांगतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी तालुका प्रतिनिधी होतो. बंद पडलेल्या सूतगिरणीच्या गोदामात चार पोरं रात्री पत्रे, जुना कीबोर्ड, डीजेवाल्याकडून आणलेला भोंगा घेऊन काहीतरी वाजवायची. कुणीतरी फोन केला. मी गेटपर्यंत गेलो, वॉचमनशी बोललो, परत आलो आणि बातमी ठोकली : ‘बंद गिरणीत सैतानी संगीत, पालक चिंतेत’. एकाही पालकाशी मी बोललो नव्हतो. आतही गेलो नव्हतो. वरच्या ऑफिसातून शाबासकी आली. दुसऱ्या दिवशी गोदामाला कुलूप.

त्यातला एक पोरगा दोन वर्षांपूर्वी एसटी स्टँडवर भेटला. आता पुण्यात मशीन दुरुस्तीचं काम करतो. चिडलेला नव्हता, तेच जास्त लागलं. म्हणाला, "सर, आम्ही थ्रॉबिंग ग्रिसलची नक्कल करत होतो. गिरणी बंद झाली ना, तिचा आवाज परत काढायचा होता. माझे वडील तिथेच होते कामाला." हे नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. विचारलं, काही रेकॉर्ड केलेलं आहे का?

"मोबाइलमध्ये होतं. बातमी आली त्या दिवशी वडिलांनी मोबाइल फोडला."

शुक्रवारी संध्याकाळी पाचला ती कॉलेजची पोरं वाचनालयामागच्या पटांगणात तेच पथनाट्य पुन्हा करतायत. मी जाणार आहे. निवेदनावर सह्या करणाऱ्यांपैकी किती जणांनी ते पाहिलं होतं, हेही तिथेच विचारतो.